नोबेल मिळाले म्हणून सगळेच खरे? जोसेफसन, क्वांटम आणि चेतनेचा प्रश्न

७ ऑक्टोबर २०२५ रोजी भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस हे तिघे त्याचे मानकरी ठरले. क्वांटमचे नियम फक्त अणूच्या पोटात चालतात असे मानले जायचे. हातात धरता येईल एवढ्या विद्युत मंडलातही ते दिसतात, हे या तिघांनी १९८४-८५ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथे प्रयोगाने दाखवून दिले होते. त्या मंडलाचा गाभा होता 'जोसेफसन जंक्शन'. म्हणजे २०२५ च्या नोबेलच्या मुळाशी आणखी एक जुने नोबेल आहे: ब्रायन जोसेफसन यांचे, १९७३ सालचे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे आंतरराष्ट्रीय क्वांटम विज्ञान व तंत्रज्ञान वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्यामुळे 'क्वांटम' हा शब्द वर्षभर कानावर पडत राहिला. आपल्या व्हॉट्सॲप गटांतही तो पोहोचला, पण वेगळ्याच वेशात. 'चेतना हीच विश्वाचे मूळ, हे क्वांटमने सिद्ध केले', 'तथागतांना अडीच हजार वर्षांपूर्वीच क्वांटम ठाऊक होते', 'नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने टेलिपथी मान्य केली' अशा धर्तीचे संदेश बौद्ध तरुणांच्या गटांतही अभिमानाने पुढे ढकलले जातात.

यातला शेवटचा नोबेल विजेता म्हणजे बहुतेक वेळा हेच जोसेफसन. त्यांच्याविषयीची ती बातमी खोटी नाही. मनाने मनाशी थेट संपर्क होऊ शकतो आणि त्याचे स्पष्टीकरण क्वांटम सिद्धांतातून मिळू शकते, असे त्यांनी खरोखरच मांडले आहे. म्हणूनच त्यांची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. एकाच माणसाने आयुष्यात दोन धाडसी दावे केले. एक जगाने मान्य केला, दुसरा केला नाही. फरक कुठे पडला, हे ज्याला कळले त्याला पुढच्या शंभर फॉरवर्डचे उत्तर मिळाले असे आम्हाला वाटते.

बावीस वर्षांचा विद्यार्थी

जोसेफसन यांचा जन्म १९४० सालचा, वेल्समधील कार्डिफचा. १९६२ मध्ये ते केंब्रिज विद्यापीठात संशोधन करणारे विद्यार्थी होते, वय अवघे बावीस. त्या वेळी अतिवाहकांचा, म्हणजे सुपरकंडक्टरचा अभ्यास जोरात होता. काही धातू अतिशय थंड केले की त्यांतून वीज कोणत्याही अडथळ्याशिवाय वाहते, त्यांना अतिवाहक म्हणतात. जोसेफसन यांनी विचारले, दोन अतिवाहकांच्या मध्ये वीज न वाहू देणारा अगदी पातळ थर ठेवला तर काय होईल? हा थर किती पातळ? मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाएवढा.

साधा तर्क म्हणतो की वीज अडेल. जोसेफसन यांनी गणित मांडून सांगितले की जोड्या झालेले इलेक्ट्रॉन त्या थरातून आरपार जातील आणि बाहेरून दाब, म्हणजे व्होल्टेज, दिलेला नसतानाही प्रवाह वाहील. दाब दिला तर काय होईल, तेही त्यांनी सांगितले. प्रवाह मागेपुढे दोलू लागेल आणि त्याची गती दाबावरूनच ठरेल. एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाएवढा दाब दिला तर एका सेकंदाला सुमारे ४८ कोटी ३६ लाख दोलने.

या दाव्याला विरोध केला तो जॉन बार्डीन यांनी. बार्डीन म्हणजे लहान नाव नव्हे. ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल १९५६ चे नोबेल त्यांना मिळालेले, अतिवाहकतेचा सिद्धांत १९५७ मध्ये मांडणाऱ्या तिघांपैकी ते एक. या विषयातला त्यांचा शब्द म्हणजे जगातला शेवटचा शब्द. असे काही घडू शकत नाही, असे त्यांनी लिहिले आणि सप्टेंबर १९६२ मध्ये लंडनच्या परिषदेत दोघे आमनेसामने आले. एका बाजूला नोबेल, दुसऱ्या बाजूला पीएच.डी.सुद्धा हातात न पडलेला संशोधक विद्यार्थी.

निकाल कोणी दिला? पदाने नाही, वयाने नाही, टाळ्यांनीही नाही. फिलिप अँडरसन आणि जॉन रॉवेल यांनी अमेरिकेतील बेल लॅबमध्ये प्रयोग केला आणि १९६३ मध्ये तो प्रवाह सापडल्याचे प्रसिद्ध केले. बार्डीन यांनी हरकत मागे घेतली. १९७३ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, जोसेफसन यांना नोबेल मिळाले. लिओ एसाकी आणि आयव्हर गिएव्हर हे दोघे त्यात वाटेकरी होते. दाब आणि दोलनांचा तो हिशेब इतका अचूक निघाला की १९९० पासून जगभरातल्या प्रयोगशाळा व्होल्टचे माप त्यावरून लावतात. टोकियोत मोजा, दिल्लीत मोजा, आकडा तोच येतो. मोजणारा कोणत्या जातीचा, कोणत्या देशाचा, त्याची श्रद्धा कशावर, याने त्यात काडीचा फरक पडत नाही.

मनाकडे वळलेली वाट

नोबेल मिळण्याच्या सुमारासच जोसेफसन यांचे लक्ष मनाकडे वळले होते. महर्षी महेश योगी यांच्या भावातीत ध्यानाची त्या काळी पाश्चात्त्य देशांत लाट होती. जोसेफसन यांनीही ते ध्यान सुरू केले. १९७४ मध्ये ते केंब्रिजमध्ये प्राध्यापक झाले आणि २००७ मध्ये निवृत्त झाले. त्या काळात कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतच त्यांनी 'मन-पदार्थ एकीकरण प्रकल्प' चालवला. निसर्गात बुद्धीसारखे काही काम करते का, मन हे पदार्थातून आले की पदार्थाइतकेच मूळ आहे, हे त्यांचे प्रश्न होते.

१९९१ मध्ये फोटिनी पल्लिकारी-विरास यांच्यासोबत त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा: विज्ञानाची पाहण्याची रीत वेगळी आणि जिवंत प्राण्याची वेगळी. विज्ञानाला जे नुसते यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेले दिसते, त्यात प्राण्याला अर्थ सापडू शकतो. दूर असलेल्या दोन कणांमध्ये क्वांटम सिद्धांत जे नाते सांगतो, त्याचा उपयोग सजीव करून घेत असतील. म्हणजे टेलिपथीसारख्या गोष्टी तत्त्वतः अशक्य नाहीत.

वादाचा भडका उडाला तो २००१ मध्ये. नोबेलची शंभर वर्षे झाली म्हणून ब्रिटिश टपाल खात्याने तिकिटे काढली आणि सोबतच्या पुस्तिकेसाठी नोबेल विजेत्यांकडून छोटे लेख घेतले. जोसेफसन यांनी लिहिले की क्वांटम सिद्धांत आता माहिती व संगणनाच्या सिद्धांतांशी जोडला जात आहे आणि त्यातून टेलिपथीसारख्या, रूढ विज्ञानाला न उलगडलेल्या गोष्टींचे स्पष्टीकरण मिळू शकेल. ब्रिटनमधील इतर भौतिकशास्त्रज्ञ संतापले. सरकारी टपाल खात्याच्या पुस्तिकेतून अशास्त्रीय गोष्ट पसरवली, अशी टीका झाली.

जोसेफसन मागे हटले नाहीत. २००४ मध्ये जर्मनीतील लिंडाऊ येथे नोबेल विजेत्यांच्या मेळाव्यात त्यांनी 'रोगट अविश्वास' या आशयाच्या शीर्षकाचे व्याख्यान दिले. पुरावा पाहण्याआधीच नाही म्हणण्याची शास्त्रज्ञांना सवय लागली आहे, हा त्यांचा आरोप होता. पाण्याला स्मृती असते या फ्रेंच संशोधक जाक बेनव्हेनिस्त यांच्या दाव्याची बाजूही त्यांनी घेतली. २०१० मध्ये तर क्वांटम सिद्धांतावरच्या एका परिषदेचे त्यांना दिलेले निमंत्रण केवळ या मतांमुळे रद्द केले गेले आणि बोभाटा झाल्यावर पुन्हा दिले गेले.

आम्ही स्पष्ट सांगतो, ते निमंत्रण रद्द करणे चूक होते. ज्याचे मत पटत नाही त्याला सभेबाहेर ठेवण्याची रीत कशी असते आणि ती कोणाकोणाला भोगावी लागते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. जोसेफसन यांचा प्रश्न विचारण्याचा हक्क पूर्ण मान्य करूनच त्यांच्या उत्तराची तपासणी करायला हवी.

हरकत नेमकी कुठे आहे

पहिली हरकत नात्याची. दोन कण एकदा गुंतले, म्हणजे एंटँगल झाले, की ते कितीही दूर गेले तरी त्यांच्यावरील मोजमापांत मेळ दिसतो. अलँ अस्पे, जॉन क्लाउझर आणि आंतोन झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल याच विषयातील प्रयोगांसाठी मिळाले. पण फॉरवर्डमध्ये अर्धीच गोष्ट असते. समजा एक कण मुंबईत आहे आणि दुसरा व्हिएन्नात. मुंबईतल्या संशोधकाला त्याच्या वहीत फक्त छापा-काटा दिसावा तशी क्रमहीन नोंद दिसते. व्हिएन्नातल्यालाही तसेच. दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या तरच मेळ कळतो आणि त्यासाठी वही फोनने, ईमेलने किंवा टपालाने पाठवावीच लागते. गुंतलेल्या कणांतून निरोप धाडता येत नाही, हे क्वांटम सिद्धांतच सांगतो. म्हणून टेलिपथी खरी ठरली तर त्या सिद्धांताचा तो विजय नसेल, तो सिद्धांत बदलावा लागेल. जोसेफसन यांना हे ठाऊक होते, म्हणून तर त्यांना सजीवांची पाहण्याची रीतच वेगळी आहे असे म्हणावे लागले. फॉरवर्ड करणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

दुसरी हरकत 'निरीक्षक' या शब्दाची. दोन फटींच्या प्रयोगात कण कोणत्या फटीतून गेला हे पाहिले की लाटांचा नक्षीदार पट्टा नाहीसा होतो, हे अनेकांनी वाचलेले असते. 'पाहिले' म्हणजे माणसाच्या मनाने पाहिले, असा अर्थ लावून चेतनाच जग घडवते असा निष्कर्ष काढला जातो. युजीन विग्नर या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञानेही १९६१ मध्ये असे सुचवले होते. पुढे त्यांनीच ते मत सोडले. झायलिंगर यांच्या व्हिएन्नातील गटाने याची छान परीक्षा घेतली. त्यांनी कार्बनच्या सत्तर अणूंचे मोठे रेणू वापरले. ते रेणू थंड असताना पट्टा दिसायचा. त्यांना इतके तापवले की ते स्वतःच उष्णतेचे किरण सोडू लागले, तसा पट्टा पुसट होत गेला. कोणी पाहत नव्हते, कोणी ध्यान लावले नव्हते. रेणूचा ठावठिकाणा सांगणारी खूण भोवतालात सांडली, तेवढे पुरले. क्वांटममधले 'निरीक्षण' म्हणजे भोवतालाशी घडलेली देवघेव. त्याला मन लागत नाही.

तिसरी हरकत मेंदूची. रॉजर पेनरोज यांनी भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांच्यासह असे मांडले की पेशींतल्या सूक्ष्मनलिकांत क्वांटम क्रिया चालते आणि तिच्यातून जाणीव येते. पेनरोज यांना २०२० मध्ये नोबेल मिळाले ते कृष्णविवरांच्या गणितासाठी, जाणिवेच्या या कल्पनेसाठी नव्हे, हेही फॉरवर्डमध्ये गाळले जाते. मॅक्स टेगमार्क यांनी २००० मध्ये हिशेब केला की मेंदूसारख्या ऊबदार, ओल्या जागी अशी नाजूक क्वांटम अवस्था जास्तीत जास्त एका सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाएवढा वेळ टिकेल. मज्जापेशीला एकदा संदेश द्यायला सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागतो. वाद अजून संपलेला नाही, हॅमरॉफ यांनी त्या हिशेबाला उत्तर दिले आहे. पण वाद चालू आहे याचा अर्थ 'सिद्ध झाले' असा होत नाही.

चौथी हरकत सगळ्यात साधी. टेलिपथी कशी घडते हे विचारण्याआधी ती घडते का हे पाहावे लागते. २०११ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी हजाराहून जास्त लोकांवरचे नऊ प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे घडणाऱ्या गोष्टीचा परिणाम माणसावर आधीच होतो, असा त्यांचा दावा होता. लगेच इतरांनी तपासायला घेतले. ब्रिटनमधील तीन मानसशास्त्रज्ञांनी त्यातला एक प्रयोग तीनदा करून पाहिला आणि २०१२ मध्ये निकाल दिला: परिणाम दिसत नाही. दुसऱ्याच्या हाती जे पुन्हा घडत नाही, त्यावर सिद्धांताची इमारत उभी राहत नाही.

आता १९६२ आणि १९९१ शेजारी ठेवा. १९६२ च्या दाव्यात आकडा होता. तो आकडा आला नसता तर जोसेफसन चुकले असे एका दुपारी ठरले असते. १९९१ च्या दाव्यात 'तत्त्वतः शक्य आहे' एवढेच आहे. काय मोजले म्हणजे तो खोटा ठरेल, हे त्यात नाही. खंड सरकतात म्हणणाऱ्या वेगेनर यांनाही लोक हसले होते, असा युक्तिवाद नेहमी होतो. खरे आहे. पण समुद्रतळाचे पुरावे १९६० च्या दशकात हाती आले तेव्हा वेगेनर यांचे म्हणणे स्वीकारले गेले. हसले गेले म्हणून कोणी खरा ठरत नाही, पुराव्याने ठरतो.

साती भिक्खूचा प्रश्न

आता आपल्याकडे वळू. हा विषय धम्माच्या अगदी मर्माशी भिडतो.

मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्तात साती नावाच्या भिक्खूची कथा आहे. तो कोळ्याचा मुलगा. त्याचे मत असे की हेच एक विञ्ञाण, ही एकच जाणीव, न बदलता एका जन्मातून दुसऱ्या जन्मात फिरत राहते. तथागतांनी त्याला सर्वांसमोर खडसावले. जाणीव कारणांवर अवलंबून उपजते, कारण नसेल तर तीही नसते, हे मी कितीदा सांगितले, असा त्यांचा सूर आहे. लाकडावर पेटतो तो लाकडाचा अग्नी, गवतावर पेटतो तो गवताचा. तसे डोळा आणि रूप यांच्यामुळे उपजते ती डोळ्याची जाणीव, कान आणि आवाज यांच्यामुळे उपजते ती कानाची.

आता पुन्हा तो फॉरवर्ड वाचा: चेतना हीच विश्वाचे मूळ, ती कशावरही अवलंबून नाही, ती सर्वत्र आहे, ती अमर आहे. हा साती भिक्खूचाच समज झाला, त्याहूनही दोन पावले पुढे गेलेला. ज्या आत्म्याला तथागतांनी नाकारले तो 'क्वांटम चेतना' हे नाव घेऊन मागच्या दाराने आत येतो आणि आपण अभिमानाने त्याचे स्वागत करतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म यांचा गुंता हा धम्मापुढचा मोठा प्रश्न म्हणून सुरुवातीलाच मांडला आणि अनात्मवादावर कुठेही तडजोड केली नाही. जे विवेकाला आणि तर्काला धरून आहे तेच बुद्धांचे वचन मानावे, ही कसोटीही त्यांनीच आपल्या हाती दिली. वर्षावासात विहाराविहारांतून या ग्रंथाचे वाचन होते. ती पाने वाचायची आणि घरी येऊन अमर चेतनेचा संदेश पुढे पाठवायचा, हे जुळत नाही.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले तेही आठवा. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, तर्काला गोड वाटते म्हणून, बोलणारा अधिकारी वाटतो म्हणून किंवा तो आपला गुरू आहे म्हणून काही मानू नका. 'नोबेल विजेता म्हणतो' हा युक्तिवाद याच यादीत बसतो. बार्डीन यांच्याकडेही नोबेल होते आणि त्या प्रश्नावर ते चुकले होते.

विज्ञानाशी बोलण्याची चांगली रीतही बौद्ध जगात आहे. १९९७ मध्ये धर्मशाळेत दलाई लामा यांनी झायलिंगर आणि इतर शास्त्रज्ञांशी नव्या भौतिकशास्त्रावर सविस्तर चर्चा केली. पुढच्या वर्षी ते झायलिंगर यांची प्रयोगशाळा पाहायला ऑस्ट्रियात इन्सब्रुकला गेले. त्यांच्या पूर्ण तत्त्वज्ञानाशी आपण सहमत असूच असे नाही. नवयानाची वाट वेगळी आहे. पण विज्ञानाने एखादी बौद्ध समजूत निश्चितपणे खोटी ठरवली तर ती सोडावी, अशी भूमिका त्यांनी २००५ च्या आपल्या पुस्तकात घेतली, ही मोलाची गोष्ट आहे.

आणि इथे एक अडचणीचा मुद्दा लपवू नये. क्वांटम सिद्धांताच्या रूढ अर्थानुसार एखादा किरणोत्सारी अणू नेमका याच क्षणी का फुटला याला वेगळे कारण नसते. फक्त शक्यता सांगता येते. प्रतीत्यसमुत्पाद तर सांगतो की सर्व काही कारणांनी उपजते. म्हणजे क्वांटम आणि धम्म यांचे सगळेच सूर जुळतात असे नाही, निदान इथे प्रामाणिक प्रश्न उभा राहतो. 'क्वांटमने बुद्ध सिद्ध केला' म्हणणारा हा प्रश्न कधीच सांगत नाही. धम्माला भौतिकशास्त्राच्या प्रमाणपत्राची गरजही नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते दूर करता येते, हे समजायला सुपरकंडक्टर लागत नाही.

एकच माप

जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतातील विमानांवर निबंध वाचला गेला. तेव्हा आपण सगळ्यांनी टीका केली, आणि ती बरोबरच होती. मग 'बुद्धांना क्वांटम ठाऊक होते' हा दावा वेगळा कसा? दुसऱ्याच्या पुराणातले विमान हास्यास्पद आणि आपल्या सुत्तातला इलेक्ट्रॉन मात्र खरा, असे दुहेरी माप चालणार नाही. तथागतांनी मनाचे निरीक्षण केले, अनित्यता सांगितली, कार्यकारणभाव सांगितला. ते मोठेपण स्वतःच्या पायावर उभे आहे. त्याला उसने पाय लावले की ते उंच होत नाही, डळमळते.

यात नुसता वादाचा प्रश्न नाही, पोटाचा आणि जिवाचाही आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत 'क्वांटम हीलिंग' या नावाचे पुस्तक आले आणि तो शब्द बाजारात रुळला. आज क्वांटम उपचार, क्वांटम पाणी, क्वांटम यंत्रावर तळवा ठेवून सगळ्या रोगांची तपासणी, अशा जाहिराती गावोगाव पोहोचल्या आहेत. मधुमेहाची गोळी बंद करून माणूस 'ऊर्जा' घेत बसला की त्याची किंमत कुटुंब मोजते, आणि हातावर पोट असलेल्या कुटुंबाला ती जास्त पडते. मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ चा औषधे व चमत्कारी उपाय जाहिरातींविषयीचा कायदा मनाई करतो. अशी जाहिरात दिसली की तिचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करणे, हे कार्यकर्त्यांना आजच करता येण्यासारखे काम आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे संविधानाच्या कलम ५१-क ने सांगितलेले आपले मूलभूत कर्तव्य आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी याच कामासाठी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात प्राण गमावले, हे महाराष्ट्रातल्या तरुणांनी विसरू नये.

मग मनाचा अभ्यास सोडून द्यायचा का? मुळीच नाही. जाणीव म्हणजे काय, मेंदूतल्या हालचालींतून अनुभव कसा येतो, हा विज्ञानापुढचा खरोखरच न सुटलेला प्रश्न आहे. आणि इथे जोसेफसन यांचे योगदान मोठे आहे, फक्त ते टेलिपथीत नाही. जोसेफसन जंक्शन वापरून 'स्क्विड' नावाचे अतिसंवेदी चुंबकमापक तयार झाले. मेंदूतल्या विजेमुळे डोक्याभोवती जे चुंबकत्व निर्माण होते ते पृथ्वीच्या चुंबकत्वाहून कोट्यवधी पटींनी क्षीण असते. १९७२ मध्ये डेव्हिड कोहेन यांनी अमेरिकेतील एमआयटीत स्क्विडने ते टिपले. आज अपस्माराच्या रुग्णाच्या मेंदूत झटका कुठून सुरू होतो हे शोधायला ही पद्धत वापरतात. ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूचा अभ्यासही तिने करता येतो. बावीस वर्षांच्या जोसेफसनने मनाच्या अभ्यासाला जे साधन दिले, ते प्रौढ जोसेफसन यांच्या मन-पदार्थ प्रकल्पाने दिलेले नाही.

हे साधन बनवणाऱ्यांच्या रांगेत आपली मुले कुठे आहेत, हा आमचा खरा प्रश्न आहे. केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. ६,००३ कोटी ६५ लाख रुपये, २०३०-३१ पर्यंत. त्याच्या चार केंद्रांपैकी क्वांटम संवेदन व मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे. पुण्याच्या आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र चालते. हा सगळा पैसा जनतेचा आहे. त्यातल्या संशोधनाच्या जागा, शिष्यवृत्त्या, तंत्रज्ञांची पदे यांवर आपला हक्क आहे. त्या जागांपर्यंत पोहोचायला अकरावी-बारावीचे गणित पक्के लागते, अर्जाची मुदत ठाऊक असावी लागते, कोणीतरी आधी गेलेला मार्ग दाखवावा लागतो. विहारातल्या अभ्यासवर्गात महिन्यातून एक रविवार यासाठी काढता येईल. भौतिकशास्त्र शिकणारी एक मुलगी येऊन दोन फटींचा प्रयोग फळ्यावर समजावते आहे, हे चित्र हजार फॉरवर्डपेक्षा मोठे आहे.

आणि पुढचा 'क्वांटम' संदेश आला की तो पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कोणी मोजले? दुसऱ्या कोणी मोजून तेच आले का? काय दिसले तर हे खोटे ठरेल? उत्तर नसेल तर पाठवणाऱ्या दादा-ताईंना आदराने तेवढेच विचारा आणि थांबा. बावीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने बार्डीनसारख्या मोठ्या माणसापुढे आपले म्हणणे मांडले, कारण त्याच्याकडे तपासता येईल असा आकडा होता. धम्मालाही 'एहिपस्सिको' म्हणतात, या आणि स्वतः पाहा. जे पाहता येते, तपासता येते, त्याच्या बाजूने बोलायला तुमच्या वयाची आणि पदाची अडचण कधीच नव्हती.

जय भीम. नमो बुद्धाय.